मोटारीचं अभ्यंगस्नान

दसऱ्याच्या सकाळी कुठल्याही सोसायटीच्या आवारात फेरफटका मारावा, म्हणजे मोटार या वस्तूवर मराठी माणसाचं किती प्रेम आहे ते कळतं. झाडून साऱ्या गाड्या न्हाऊनमाखून उभ्या असतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नाकावर झेंडूची माळ, आरशाला आपट्याची पानं, चाकापाशी फोडलेला नारळ. घरातली मंडळी ताट घेऊन खाली येतात, गाडीला ओवाळतात आणि तिच्याबरोबर स्वतःचाही फोटो काढून घेतात. या भक्तमंडळींपैकी कुणालाही तुम्ही सहज विचारावं, "काय हो, गाडीत ऑइल किती आहे?" तर ते सद्गृहस्थ तुमच्याकडे असं बघतील, की जणू तुम्ही त्यांना त्यांच्या यकृताचं वजन विचारलंत. ऑइल असतं, ते कुणीतरी बदलतं आणि त्याचं बिल येतं, एवढंच ज्ञान आपल्याला पुरेसं वाटतं.

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी येते. नरकचतुर्दशीला पहाटे कुडकुडत उठून आपण स्वतःला तेल लावून घेतो. मोटारीची आठवण त्या वेळी कुणाला होत नाही. मला मात्र गेली सहा वर्षं होते. दिवाळीची सुट्टी लागली, की पहिल्या रविवारी मी गाडीखाली शिरतो आणि तिचं इंजिन ऑइल स्वतःच्या हातानं बदलतो. मोटारीचं अभ्यंग आपल्यापेक्षा उलटं असतं. आपल्याला तेल बाहेरून, तिला आतून. आणि आपल्याला नवं तेल लावण्यापूर्वी गेल्या वर्षीचं काढावं लागत नाही.

हे तेल आत करतं तरी काय? मी मराठीचा प्राध्यापक. इंजिनाचं मला जे कळतं ते पुस्तिका वाचून, गॅरेजवाल्याला प्रश्न विचारून आणि थोडं घरातून. पण एक हिशेब मी स्वतः मांडला आहे. शहरातल्या गर्दीत गाडीचा वेग सरासरी ताशी तीस किलोमीटर धरला, तर १०,००० किलोमीटर जायला साधारण ३३३ तास लागतात. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटाला दोन हजार फेरे घेतो असं धरलं, तर एका ऑइलच्या आयुष्यात तो सुमारे ४ कोटी वेळा फिरतो. समर्थांनी टाकळीला बारा वर्षं राहून तेरा कोटी जप केला, असं सांगतात. आमच्या गाडीचं इंजिन चौथं ऑइल चालू असतानाच तेरा कोटींचा टप्पा ओलांडतं, आणि तेही कुठली प्रसिद्धी न करता. या चार कोटी फेऱ्यांत लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये जो तेलाचा पडदा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. एवढ्या पातळ पडद्यावर आपण कुटुंबकबिला घालून महाबळेश्वरचा घाट चढतो!

शिवाय तेच तेल इंजिनाची उष्णता वाहून नेतं आणि आतली काजळी धुऊन स्वतःच्या अंगात धरून ठेवतं. नवं ऑइल मधासारखं सोनेरी असतं आणि थोड्याच दिवसांत काळं पडतं. काळं पडलं म्हणजे बाद झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण मळ तळाशी बसू न देता अंगावर घेण्याची द्रव्यं त्यात मुद्दाम मिसळलेली असतात, तेव्हा काळं होणं हे त्याचं कामच आहे. ते बाद होतं ते ही द्रव्यं संपल्यावर, आणि उष्णतेनं तेलच जुनं झाल्यावर. माझ्यासारख्याच्या गाडीला आणखी एक रोग असतो. घर ते कॉलेज चार किलोमीटर. तेवढ्यात इंजिन पुरतं तापतही नाही. मग जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जाण्याऐवजी तेलात उतरत राहतं. म्हणून गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचं. "फिरवतो कुठे हो आम्ही गाडी!" म्हणून ऑइल तीन-तीन वर्षं ठेवणारे काटकसरी लोक माझ्या पाहण्यात आहेत. त्यांची काटकसर पुढे इंजिनाच्या डॉक्टरच्या खिशात जाते.

या पदार्थाला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: वंगण. बैलगाडीच्या कण्याला घालायचं ते वंगण. कुठे कुठे त्याला ओंगण असंही म्हणतात. एका वर्षी वर्गात ग्रामीण कथा शिकवत होतो. त्यात वंगण न घातलेल्या चाकाच्या कुरकुरीचं वर्णन होतं. एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, वंगण म्हणजे?" मी म्हणालो, "ग्रीस." साठ मुलांनी वहीत 'ग्रीस' लिहून घेतलं आणि तास पुढे सरकला. जू, शिवळ, साटी, आख, कणा हे सगळे शब्द मी वीस वर्षं खडूनं फळ्यावर लिहीत आलो आहे आणि यांतल्या एकाही वस्तूला माझा हात लागलेला नाही. संस्कृतात आणखी एक मौज आहे. तिथे स्नेह म्हणजे तेल-तूप, आणि स्नेह म्हणजे माया. हिंदीवाल्यांनी वंगणाला 'स्नेहक' असा शब्द करून ठेवला आहे. शब्द गोड आहे, पण गॅरेजमध्ये जाऊन "अर्धा लिटर स्नेहक द्या" म्हणायचा धीर मला होणार नाही.

आणि एरंडेल! आमच्या आधीच्या पिढीला लहानपणी नाक दाबून पाजलं गेलेलं हे तेल एके काळी इंजिनाचंही आवडतं पेय होतं. चार्ल्स वेकफील्ड नावाच्या इंग्रजाच्या कंपनीनं १९०९ साली एरंडेल मिसळलेलं मोटारीचं तेल बाजारात आणलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला 'कॅस्ट्रॉल' म्हटलं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत. त्याचा धूर आणि तुषार तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटावर जो परिणाम होई, त्याच्या कथा सांगतात. दिवाळी अंकात त्या न सांगितलेल्या बऱ्या.

आता कुणी विचारील, की हे सगळं ठीक, पण स्वतः गाडीखाली शिरण्याचं कारण काय? पैसे वाचतात, हे खरं कारण नव्हे. ऑइल आणि फिल्टर विकतच आणावे लागतात; वाचते ती मजुरी, ती चार-पाचशे रुपयांपलीकडे जात नाही. तेवढ्यासाठी रविवारची सकाळ आणि एक जुना शर्ट घालवणं हा हिशेब कुणालाही पटणार नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही हे करायला लागलात, तर आम्ही काय मराठी शिकवायचं?" आमच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जाता जाता विचारलं, "काय प्राध्यापक, कॉलेजचा पगार थकला वाटतं?" खरं तर या गृहस्थांकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती आणि दर रविवारी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. त्या गाडीनं सगळ्यांनाच अर्धे मेकॅनिक करून सोडलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती गाडी मुंबईच्या टॅक्सींतून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. आता आमचे बँक अधिकारी नव्या गाडीचं बॉनेट उघडत नाहीत. उघडलं तर आत एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

पांढरपेशा हा शब्दच मुळी तेलाच्या डागाला भिऊन तयार झालेला असावा, असं मला वाटतं. आपल्या घरात मुलगा स्क्रू पिळायला बसला तर कौतुक होतं. तोच उद्या ते रोज करायचं म्हणाला, तर घरात सुतक येतं. मी पांढरपेशा झालो तो मात्र जन्मानं नव्हे. मला तसं करण्यात आलं, आणि करणारे माझे वडील.

बाबा एस.टी.त मेकॅनिक होते. १९७२च्या दुष्काळात गाव सोडलं आणि एका तालुक्याच्या डेपोत हेल्पर म्हणून चिकटले. २००८ साली हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षांतली निम्मी तरी त्यांनी पिटात काढली असतील. पिट म्हणजे बसखाली उभं राहून काम करायचा खड्डा. बसच्या इंजिनातून एका वेळी दहा-पंधरा लिटर तापलेलं तेल उतरतं, आणि ते उतरवणारा माणूस खाली उभा असतो. ते घरी येत तेव्हा आधी मोरीत जात. रॉकेलनं हात धुत, मग कपड्याच्या साबणाच्या चुऱ्यानं, मग पुन्हा साध्या साबणानं. तोपर्यंत मला त्यांच्याजवळ जायची परवानगी नसे. माझ्या वह्यापुस्तकांना तर त्यांनी कधी हातच लावला नाही. सही करायची वेळ आली, की पेन आईकडे देत.

फक्त दिवाळीच्या पहाटे तेल लावायला ते बसत. पाटावर मी, मागे बाबा. हात खरखरीत, पण दाब असा बेताचा की डोळे मिटावेत. उटणं लावून झालं, की मी त्यांचे तळहात बघत असे. इतकं तेल, इतकं उटणं चोळूनही हातांवरच्या रेषांतला काळेपणा जात नसे. कुणी शाईनं आखाव्यात तशा त्या रेषा दिसत. एकदा मी त्यांना तो काळेपणा का जात नाही म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या हाताला लागायचा नाही, काळजी करू नकोस."

आणि त्यांनी तो लागू दिला नाही. सुट्टीत डेपोत येतो म्हटलं तर नाही. सायकलची चेन उतरली तरी, "तू सरक, मी बघतो." मी एम.ए. झालो तेव्हा त्यांनी डेपोत पेढे वाटले. आणि ते वाटायला जाताना, ऐन उन्हाळ्यात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले.

तेव्हा सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, मी ऑइलचा डबा आणि फिल्टर घरात आणून ठेवला आणि "रविवारी मीच बदलणार आहे" असं जाहीर केलं, तेव्हा घरात काय झालं असेल याची कल्पना यावी. सौभाग्यवतीचा आक्षेप व्यवहाराचा होता. "अहो, ती परात ठेवा खाली. जुनी असली तरी चकल्यांची आहे." जुनं तेल धरायला मला पसरट भांडं हवं होतं, शेवटी एका घमेल्यावर तडजोड झाली. बाबांनी मात्र ओरड केली नाही. त्यांनी फिल्टर हातात घेतला, त्याचं रबर अंगठ्यानं चाचपलं आणि तो पुन्हा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "याच्यासाठी शिकवलं होतं तुला?" आणि आपल्या खोलीत गेले. शुक्रवार, शनिवार ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही माघार घेतली नाही. त्यांना दुखवायची हौस मला नव्हती. पण ज्या कामावर मी वाढलो, ते काम माझ्या पोरीनं लपवायची गोष्ट समजावी, हे मला चालणार नव्हतं. हे त्यांना तोंडावर सांगणं आमच्या घरात शक्य नव्हतं. आमच्याकडे बापलेकांत असलं बोलणं होत नाही.

रविवारी सकाळी गाडी दहा मिनिटं फिरवून आणली. ऑइल कोमट हवं. थंड तेल थंडीतल्या काकवीसारखं जागचं हलत नाही, आणि फार तापलेलं असलं तर हात भाजतो. डब्यावर जे ५ डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, ते या काकवीचंच गणित आहे. डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो. तो जितका लहान तितकं ते थंडीत लवकर धावतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. कोणतं तेल घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तिथे शेजाऱ्याचा सल्ला चालत नाही. "जरा जाडच घाला, इंजिनाला बरं" असं सांगणारे शेजारी प्रत्येक सोसायटीत एकदोन असतात.

गाडी सपाट जागी लावली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना विटा लावल्या. जॅक चढवला आणि पुढचं अंग उचललं. लोखंडी स्टँडची जोडी गॅरेजवाल्याकडून मागून आणली होती, ती लावायला वाकलो, तोच जिन्यावरून बाबांचा आवाज आला, "थांब." ते खाली आले होते. हातात खोलीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेला लाकडी ठोकळा. आमच्याशी काही न बोलता त्यांनी स्टँड आपल्या हातानं बसवले, गाडी जॅकवरून स्टँडवर उतरवली, दोन्ही हातांनी तिला आडवी हिसके देऊन पाहिली आणि ठोकळा बाजूला सारून ठेवला, वेळ पडली तर असावा म्हणून. मग म्हणाले, "जॅक उचलायला असतो. त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नसतं. आमच्याकडे एक पोरगा होता..." आणि पुढचं बोललेच नाहीत. तो पोरगा कोण, त्याचं काय झालं, हे मी आजही विचारलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला हा लेख वाचून गाडीखाली शिरायची लहर आली, तर हे एक वाक्य लक्षात ठेवावं. बाकी सारं विसरलं तरी चालेल.

ते परत वर जातील असं मला वाटलं. पण टॉर्च धरायला माझी दहा वर्षांची मुलगी उभी होती, आणि तिनं विचारलं, "आजोबा, तेल कुठून निघतं?" आता या प्रश्नाला उत्तर न देता निघून जाणं छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कसं जमावं? ते तिच्याशेजारी पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि बोलू लागले. खाली लोखंडाचं पसरट भांडं दिसतं ना, ते चेंबर. त्याच्या बुडाला नट. तेल सगळं खाली जमतं. पंप ते वर ओढतो, फिल्टरातून गाळतो, आणि इंजिनभर फिरवतो. फिल्टर जुना झाला, चोंदला, तर त्याच्यातच एक झडप असते, ती उघडते आणि न गाळलेलंच तेल वर जातं. "का आजोबा?" "अगं, घाणेरडं तेल चालेल, पण कोरडं इंजिन नाही चालत." मला जे चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं, ते ते तिला सांगत होते, आणि मी गाडीखाली उताणा पडून ऐकत होतो.

उताणं पडलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही, हा या कामातला एक स्वतंत्र विनोद आहे. नट डावीकडे फिरवला की सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण ते नटाकडे तोंड करून, आणि तुम्ही तर त्याच्याखाली आडवे. पान्यावर हात ठेवून मी नीट विचार केला, मग जोर लावला. पहिल्यांदा नट कुरकुरला आणि सैल झाला. पुढचं हातानं. शेवटच्या आट्याला तो वर दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा, म्हणजे हात आणि मनगट वाचतात. तेल आधी कमानीसारखं लांब उडालं, घमेल्याच्या काठाशी पडलं, मग हळूहळू धार सरळ झाली. ध्यान कसं असावं हे सांगताना रामानुजाचार्यांनी तेलाच्या अखंड धारेची उपमा दिली आहे. ती मी पुस्तकात वाचली होती. पाण्याची धार फुटते, शिंपडते, आवाज करते. तेलाची धार जागच्या जागी उभी असल्यासारखी दिसते, आणि तरी घमेलं भरत असतं. मुलगी म्हणाली, "बाबा, ही हलतच नाहीये." आम्ही तिघंही बराच वेळ ती बघत राहिलो. मग तिचा दोरा झाला, मग थेंब.

फिल्टर पट्ट्याच्या पान्यानं सोडवला. तिथूनही वाटीभर तेल येतं आणि ते नेमकं कोपरावरून ओघळतं. जुन्या फिल्टरचं रबर त्याच्याबरोबरच निघालं आहे ना, ते पाहायचं. मागे राहिलं आणि त्यावर नवं बसलं, तर तेल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ताजं तेल लावायचं, तो हातानंच फिरवायचा, रबर टेकलं की पुढे पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. नटाला वॉशर नवा. आणि नट लावताना मी हातमोजे काढले. रबरी मोजे घातलेल्या बोटांना आटे कळत नाहीत. आटा आटक्यात नीट बसला की नाही, हे उघड्या बोटालाच समजतं. आडवा आटा बसून चेंबरचं भोक खराब झालं, तर ऑइलऐवजी चेंबरच बदलावा लागतो. बाबा वाकून पाहत होते. मोजे काढले तेव्हा त्यांच्या तोंडून "हं" एवढंच आलं. पण तसलं "हं" मी त्यांच्या तोंडून परीक्षेच्या निकालालाही ऐकलं नव्हतं.

गाडी खाली उतरवली. वरून नरसाळं लावून ऑइल ओतलं. आमच्या गाडीला तीन लिटरच्या आसपास लागतं. सगळं एकदम न ओतता थोडं राखून ठेवायचं आणि पट्टी बघत घालायचं. पट्टीवर दोन खुणा असतात. खालच्या खुणेच्या खाली गेलं तर इंजिन कोरडं पडायची भीती, वरच्या खुणेच्या वर गेलं तर फिरणारा दांडा तेल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसानं वंगण होत नाही. मोजणीचं खातं मुलीकडे होतं. आता इंजिन चालू करायचं आणि त्याच वेळी मला खालून गळती पाहायची होती. "बाबा, जरा बसता का आत?" मी म्हणालो. निवृत्तीनंतर बारा वर्षांनी ते स्टिअरिंगमागे बसले. चावी फिरवली. समोरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला, दोन-तीन सेकंद तसाच राहिला आणि विझला. "गेला," ते म्हणाले. मी खालून "कोरडं आहे" म्हणालो. तरी त्यांनी इंजिन बंद केलं नाही. मान कलती करून ते ऐकत राहिले.

काम इथे संपत नाही, आणि या भागाबद्दल मला थोडं कठोर बोलायचं आहे. घमेल्यातलं ते काळं तेल कुठे जातं? आपल्याकडे ते गटारात जातं, मोकळ्या प्लॉटवर जातं, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासलं जातं. माझ्या डोळ्यांसमोर एका सुशिक्षित माणसानं ते पावसाळी जाळीतून ओतलं आहे. वापरलेल्या तेलात इंजिनाच्या धातूचे कण आणि जळलेल्या पेट्रोलची विषं असतात. एका गॅलनभर अशा तेलानं दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. आपल्याकडेही २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती करून, तेल तयार करणाऱ्यांनीच ते परत गोळा करवून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी घ्यावी, असं ठरलं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. तेच तेल शुद्ध करून पुन्हा वंगण करता येतं. तेल मरत नाही, मळतं. मी ते रिकाम्या झालेल्या डब्यात भरून, फिल्टर उलटा ठेवून निथळून, गॅरेजवाल्याकडे नेऊन देतो. त्याच्याकडे पिंप आहे आणि परवानेवाला माणूस येऊन ते नेतो. मजुरी बुडवली तरी त्यानं मला कधी नाही म्हटलेलं नाही. त्याच्या मुलाचे मराठीचे निबंध मी तपासून देतो, ते निराळं.

हे सगळं आणखी किती वर्षं चालेल कुणास ठाऊक. विजेच्या मोटारीला इंजिनच नसतं, मग ऑइल कुठलं? एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच रस्त्यावर विजेवर चालणारी 'शिवाई' धावली. ती बातमी बाबांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मग पिटात उतरून करायचं काय?"

पण मी त्या पहिल्या रविवारचं सांगत होतो. गाडी झाकून आम्ही वर आलो. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. मी मोरीत जाऊन नळ सोडला, तोच बाबा मागे येऊन उभे राहिले. "पाणी नको लावूस. पाणी लागलं की तो बसतो." त्यांनी सुनेकडून पळीभर गोडंतेल मागून घेतलं, माझा हात ओढून आपल्या हातात धरला आणि त्यावर ते तेल ओतून अंगठ्यानं चोळायला सुरुवात केली. आधी तळहात, मग बोटांच्या पेरांमधून, मग नखांच्या कडा. तेल काळं होत गेलं. ते चिंधीनं पुसत, पुन्हा थेंबभर घेत, पुन्हा चोळत. त्यांचे स्वतःचे हात इतक्या वर्षांत पांढरे पडले होते. आता माझ्या हातांचं त्यांच्या हातांना लागत होतं. मुलगी दारात उभी राहून बघत होती. "नखं कापत जा याच्या आधी," बाबा म्हणाले, आणि दुसरा हात पुढे करायची खूण केली.